थंडीचा कडाका, वनस्पतींचें पेशीपटल आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे

चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांचें नांव निघालें म्हणजे परक्या मनुष्यास प्रथम आठवतो तो येथील उन्हाळा. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणें ही येथें नवलाची गोष्ट नव्हे. त्यामुळें थंडीपासून पिकाचें रक्षण हा विषय काश्मीरांतील सफरचंदवाल्यांचा, किंवा फार तर निफाडकडील द्राक्षबागाईतदारांचा. धान पिकविणारांस त्याचें काय, अशी समजूत आपल्या इकडे सामान्यतः आढळते. ही समजूत पुरती खरी नाहीं, हें दाखविणें, आणि थंडी वनस्पतीच्या नेमक्या कोणत्या मर्मावर घाव घालते हें आमच्या वाचकांस यथामति समजावून सांगणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरास पारा ३·५ अंशांपर्यंत उतरला होता. त्याच सुमारास निफाड तालुक्यांत तो दोन अंशांच्याही खालीं गेला. एवढी कडाक्याची थंडी दरसाल पडत नाहीं हें खरें. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यांत आठ-दहा अंशांच्या रात्री पौषांत येतात, आणि नेमक्या याच दिवसांत तलावाच्या व विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणारांचे पऱ्हे जमिनींतून डोकें वर काढीत असतात. मग अनेकांच्या दृष्टीस पडणारा देखावा दिसतो. एका बांधींतील पऱ्हे पिवळे पडून जागच्या जागीं थिजलेले असतात, आणि धुऱ्यापलीकडच्या बांधींत उतेऱ्याची लाखोळी व जवस, रात्र तीच, हवा तीच, माती तीच असूनही, हिरवींगार डोलत असतात. असें कां व्हावें? "नशीब" एवढें उत्तर देऊन मोकळें होणें शेतकऱ्यास परवडत नाहीं. कारण पऱ्हे गेले म्हणजे बियाणें गेलें, पंधरा दिवस गेले, आणि तलावांतील मोजकें पाणीही तितकें कमी झालें.

रात्रीची थंडी जमिनीवर कशी उतरते

वर्तमानपत्रांत थंडीचा जो आंकडा छापून येतो तो जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या पेटींत ठेवलेल्या उष्णतामापकाचा असतो. पीक मात्र त्या पेटींत राहत नाहीं. आकाश निरभ्र असून वारा पडलेला असला म्हणजे जमीन व पानें आपली उष्णता रात्रभर उघड्या आकाशाकडे टाकीत असतात, व त्यामुळें पान भोंवतालच्या हवेपेक्षांही गार होतें. अशा रात्रीं जमिनीलगतचा पारा पेटींतील आंकड्याच्या दोन-चार अंश खालीं असणें ही नित्याची गोष्ट आहे. अर्थात् पेटींत आठ अंश असले तर पऱ्ह्यांच्या शेंड्यास चार-पांच अंशांचा गारठा लागतो. आणि पेटींत तीन अंश असले तर गवताच्या पात्यावरचें दंव गोठून त्याचें हिंव होण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, थंड हवा जड असते आणि ती पाण्याप्रमाणें सखल भागाकडे वाहते. म्हणून टेकाडावरच्या शेतापेक्षां नाल्याकांठची बांधी, बोडीखालचा तुकडा, किंवा चहूंकडून जंगलानें वेढलेली खोलगट जागा अधिक गारठते. जंगलांत काम करणारांस हें चांगलें ठाऊक आहे; सागाचें कोंवळें रोप हिंवास फार भितें, आणि खळग्यांत लावलेल्या रोपांचे शेंडे जळतात तेव्हां चढावरचीं रोपें बहुधा सुखरूप असतात. ज्यानें आपल्या शेतांतील पाण्याचा उतार ओळखला आहे त्यानें थंडीचाही उतार ओळखला असें समजावें.

पेशीपटल म्हणजे काय

आतां मुख्य विषयाकडे वळूं. प्रत्येक वनस्पति ही असंख्य सूक्ष्म पेशींची बनलेली असते. पेशीच्या बाहेरून एक कठीण भिंत असते; लांकडास बळकटी येते ती या भिंतींमुळें. परंतु या भिंतीस राखणदार म्हणतां येत नाहीं. ती जाळीदार असून तिच्यांतून पाणी व क्षार सहज जातात-येतात. खरी राखण करतें तें भिंतीच्या आंतून चिकटून असलेलें पातळ पटल. यासच पेशीपटल म्हणतात. हें इतकें पातळ आहे कीं, अशीं सुमारें सव्वा लाख पटलें एकावर एक रचलीं तर त्यांची जाडी एक मिलिमीटर भरेल. पेशीच्या आंत हरितद्रव्याच्या कणांभोंवतीं, रसाच्या कोठीभोंवतीं व इतर अवयवांभोंवतींही अशींच पटलें असतात.

हें पटल स्निग्ध पदार्थाचें, म्हणजे तेलाच्या जातीच्या द्रव्याचें, दोन पदर समोरासमोर ठेवून झालेलें आहे. १९२५ सालीं हॉलंडांतील खॉर्टर व ग्रेंडेल या दोघांनीं रक्तांतील तांबड्या पेशींवर प्रयोग करून ही दुपदरी रचना प्रथम सुचविली. पुढें १९७२ सालीं सिंगर व निकोल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादिलें कीं, हे पदर भिंतीसारखे स्थिर नसून तेलाच्या तवंगासारखे प्रवाही आहेत, आणि त्यांत प्रथिनांचे कण पाण्यावर तरंगणाऱ्या नावांप्रमाणें इकडून तिकडे फिरतात. या प्रथिनांचें काम दारावरच्या पहारेकऱ्यांचें: कोणता क्षार आंत घ्यावा, कोणता बाहेर टाकावा, पाणी किती सोडावें हें तींच ठरवितात. पटल प्रवाही असेल तोंपर्यंतच हा कारभार सुरळीत चालतो. तें थिजलें कीं पहारेकरी जागच्या जागीं अडकतात, फटी पडतात, आणि आंतला ऐवज बाहेर गळूं लागतो.

ही गळती डोळ्यांनीं पाहावयाची असल्यास एक सोपा प्रयोग आहे. लाल माठाचीं दोन पानें घ्यावीं. एक रात्रभर बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें, दुसरें तसेंच बाहेर ठेवावें. सकाळीं दोन्ही निरनिराळ्या पेल्यांत स्वच्छ पाण्यांत सोडावीं. गोठलेल्या पानाचा पेला थोड्याच वेळांत लाल होतो. ताज्या पानाचें पाणी जवळजवळ निर्मळ राहतें. लाल रंग पूर्वीपासून पेशीच्या कोठींत होताच; फरक एवढाच कीं, कोठीचें व पेशीचें पटल फुटलें आणि रंग वाहून गेला. हिंवानें मारलेलें पान सकाळीं उकडल्यासारखें काळपट व ओलसर दिसतें त्याचें कारण हेंच होय.

तेलाचा व तुपाचा दृष्टांत

पटल थिजणें म्हणजे काय, हें आपल्या घरांतील तेलांवरूनच समजण्यासारखें आहे. मोहाच्या टोळांचें तेल थंडीच्या दिवसांत डब्यांत गोठून बसतें. तूप व खोबरेल यांचीही तीच गत. जवसाचें तेल मात्र पौषांतल्या पहांटेसही पातळच असतें. याचें कारण दोन्ही तेलांच्या घडणींत आहे. तेल ज्या मेदाम्लांचें बनतें त्यांच्या कांहीं साखळ्या सरळ काठीसारख्या असतात, तर कांहींत मधें एक, दोन किंवा तीन ठिकाणीं बांक असतो. सरळ काठ्या मोळींत घट्ट बसतात. वांकड्या काठ्या बसत नाहींत. सरळ साखळ्यांच्या मेदाम्लांस संतृप्त व बांकाच्या साखळ्यांच्या मेदाम्लांस असंतृप्त म्हणतात. मोहाच्या तेलांत संतृप्त भाग निम्म्याच्या जवळपास असतो. जवसाच्या तेलांत तीन बांकांचें मेदाम्ल एकटेंच सुमारें निम्मा भाग व्यापतें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. बियांतील तेल व पानांतील पटल या एकच वस्तू नव्हेत; जवसाचें तेल पातळ म्हणून जवसाचें रोप काटक, असा सरळ हिशेब मांडतां येत नाहीं. दृष्टांत घ्यावयाचा तो इतकाच कीं, पटलांतही असेच दोन प्रकारचे धागे असतात, आणि त्यांच्या प्रमाणावर तें किती गारठ्यांत थिजेल हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. याचा चांगला पुरावा जपानांतील नोरिओ मुराता व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं पुढें मांडला. पटलांतील एका स्निग्ध द्रव्याची घडण ठरविणारा अनुवंशिक घटक त्यांनीं तंबाखूच्या झाडांत घातला. तो थंडीस नाजूक अशा भोपळ्याच्या जातींतून घेतला तेव्हां तंबाखू थंडीस अधिक नाजूक झाला. थंडीस काटक अशा एका मोहरीवर्गीय रोपट्यांतून घेतला तेव्हां तोच तंबाखू अधिक काटक झाला.

गारठणें व गोठणें

थंडीचे आघात दोन प्रकारचे असतात, आणि उपाय योजण्यापूर्वीं त्यांतील भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८९७ सालीं वनस्पतींच्या गोठण्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. गोठत असलेली पेशी पाहतां यावी म्हणून त्यानें आपला सूक्ष्मदर्शकच बर्फाच्या पेटींत बसविला होता. उष्ण प्रदेशांतील कित्येक वनस्पती पाणी गोठण्याच्या पुष्कळ वरच्या मानांत, नुसत्या गारठ्यानें, मरतात, व हें मरण गोठून येणाऱ्या मरणाहून निराळें, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. हाच मोलिश उतारवयांत, १९२८ सालीं, कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंच्या विज्ञानमंदिरांत येऊन राहिला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल.

धान, कापूस, मका, काकडी, भोपळा, टोमॅटो हीं पहिल्या वर्गांतलीं: यांस शून्यापर्यंत जावेंच लागत नाहीं, दहा-बारा अंशांच्या खालीं कांहीं दिवस काढावे लागले तरी यांचीं पटलें बिघडूं लागतात. मुळें पाणी ओढीनाशीं होतात व जमीन ओली असूनही पान कोमेजतें. पानांतील हरितद्रव्याचा कारखाना मंदावतो. पण सकाळचें ऊन मात्र नेहमींच्याच जोरानें पडतें. जें ऊन कामीं लागत नाहीं तेंच मग पानास जाळतें. पऱ्हे थंड रात्रीनंतर स्वच्छ उन्हांत अधिक पिवळे पडतात, हा अनुभव अनेकांचा आहे. त्याचें मर्म येथें आहे. गहूं, जवस, लाखोळी, हरभरा, मोहरी हीं दुसऱ्या वर्गांतलीं. गारठा यांस सोसतो, व थोडें हिंवही यांचीं रोपें सोसतात. मात्र फुलोरा आल्यावर यांचीही गय होत नाहीं. हरभऱ्यास फुलाच्या वेळीं फार थंडी लागली तर फूल गळतें व घाटा धरत नाहीं. धुऱ्यावरची तूर दोहोंच्या मध्यें उभी आहे, पण हिंव पडलें तर पहिली बळी तीच.

बर्फ प्रथम कोठें धरतो

आतां गोठण्याची क्रिया पाहूं. पानांतलें पाणी गोठून पेशी घागरीसारखी फुटते, अशी सामान्य कल्पना आहे; पण ती बरोबर नाहीं. पेशीच्या आंतील पाण्यांत साखर व क्षार विरघळलेले असतात, म्हणून तें उशिरां गोठतें. बर्फ प्रथम धरतो तो पेशींच्या बाहेर, दोन पेशींमधल्या पोकळ्यांत. बाहेर बर्फ झाला कीं तो कोरड्या टीपकागदाप्रमाणें आंतलें पाणी ओढूं लागतो. पारा शून्याखालीं दहा अंशांवर गेला म्हणजे पेशींतील पाण्यापैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेर निघून गेलेलें असतें. म्हणजे गोठणारें रोप एका अर्थानें तहानेनेंच मरतें. हिंव हा एक प्रकारचा दुष्काळच होय. आमच्या उष्ण प्रदेशांतील शेतकऱ्यास ही गोष्ट चटकन पटावी.

या ओढाताणींत पेशीपटलाची काय अवस्था होते, याचा सूक्ष्म अभ्यास अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत पीटर स्टेपॉनकस यांनीं केला. पेशी आकसली म्हणजे पटल अंगास मोठें होतें. थंडीची संवय नसलेल्या रोपांत हें जास्तीचें पटल आंत वळून, लहान फुग्यांच्या रूपानें मूळ पटलापासून तुटून पडतें. सकाळीं बर्फ वितळतो, पाणी परत आंत शिरतें, पेशी फुगूं लागते. परंतु पटल आतां अपुरें पडतें. तें ताणलें तर आपल्या क्षेत्राच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे ताणलें जात नाहीं, आणि फुटतें. याचा अर्थ असा कीं, अशी पेशी रात्रीं गोठतांना मरत नाहीं, सकाळीं वितळतांना मरते. थंडीची संवय झालेल्या रोपांत मात्र हेंच जास्तीचें पटल बाहेरच्या अंगास लहान-लहान चुण्यांच्या रूपानें जोडलेलें राहतें, व पाणी परत आलें म्हणजे पुन्हां उलगडतें. मुलीचा परकर शिवतांना शहाणी आई जास्तीचें कापड कापून टाकीत नाहीं. खालीं दुमड घालून टीप मारून ठेवते व मुलगी वाढली म्हणजे उसवते. काटक रोपाची युक्ति नेमकी हीच आहे.

याहूनही अधिक थंडींत दुसरें एक संकट येतें. पाणी निघून गेल्यामुळें पेशींतील निरनिराळीं पटलें एकमेकांस इतकीं भिडतात कीं, तीं वितळून एकजीव होऊं लागतात, आणि मग कोणत्या घराची भिंत कोणती हा विवेकच उरत नाहीं.

काटक वनस्पती टिकाव कसा धरितात

या संकटांशीं झगडण्याचीं साधनें निसर्गानें वनस्पतीस दिलेलीं आहेत. पहिलें साधन म्हणजे पटलाची डागडुजी: दिवस गार होऊं लागले कीं, काटक रोप पटलांत बांक असलेल्या धाग्यांचें प्रमाण वाढवितें. दुसरें साधन साखरेचें: साधी साखर व तिच्या जातीचे इतर पदार्थ पेशींत सांठतात, ते पाणी धरून ठेवितात व पटलांस एकमेकांपासून दूर राखतात. थंडी लागलेला गाजर-मुळा अधिक गोड लागतो, तो उगाच नव्हे. तिसरें साधन विशेष प्रथिनांचें. यांपैकीं कांहीं हरितद्रव्याच्या कणांच्या पटलास प्रत्यक्ष आधार देतात. चवथें, अमेरिकेंतील मिशिगन येथील बेनिंग व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, गोठण्याच्या क्षणीं एक विकर पटलांतील स्निग्ध द्रव्याची घडणच बदलून टाकतें, व त्यामुळें पटलें एकमेकांत वितळून जाण्याचें टळतें. पांचवें साधन फाटलेलें शिवण्याचें: पटलास भोंक पडलें कीं बाहेरील कॅल्शियम आंत शिरतो, तीच जणूं धोक्याची घंटा होय, ती ऐकून पेशी आंतल्या पटलाचें ठिगळ आणून भोंकावर बसविते. ही गोष्ट २००८ सालीं जपानी संशोधकांनीं सिद्ध केली.

ही सर्व तयारी एका रात्रींत होत नाहीं. राय नांवाचें गव्हासारखें धान्य उबेंत वाढविलें तर शून्याखालीं सुमारें पांच अंशांत मरतें. त्यासच प्रथम कित्येक दिवस सौम्य गारठ्यांत ठेविलें तर शून्याखालीं तीस अंशही सोसतें. हळूहळू वाढणाऱ्या थंडीपेक्षां ढगाळ उबदार दिवसांनंतर अचानक येणारा कडाका अधिक घातक कां ठरतो, याचें उत्तर येथें मिळतें. रोपास तयारीस अवकाशच मिळालेला नसतो.

धानाची अडचण

धान हें मुळांतच दमट, उष्ण प्रदेशांतलें पीक; वरील साधनांपैकीं फार थोडीं त्याच्यापाशीं आहेत. दहा अंशांच्या खालीं त्याचें बीं रुजत नाहीं, बारा-तेरा अंशांच्या खालीं कोंब वर येत नाहीं, आणि सोळा अंशांच्या खालीं उपटून लावलेलें रोप मूळ धरत नाहीं. पावसाळ्यांत जे पऱ्हे तीन आठवड्यांत रोवणीस येतात त्यांसच पौषांत पांच-सहा आठवडे लागतात, ते यामुळेंच.

धानांतही जातीजातींत फरक आहे. चीनमधील संशोधकांनीं २०१५ सालीं धानाच्या पेशीपटलांत बसलेलें एक प्रथिन शोधून काढलें. गारठा लागतांच तें पेशींत कॅल्शियमचा संदेश धाडतें. जपान व उत्तर चीनकडील आंखूड दाण्याच्या धानांत हें प्रथिन तत्परतेनें काम करतें. उष्ण प्रदेशांतील इंडिका धानांत त्याची घडण अत्यल्प फरकानें निराळी असून तें मंद असतें. आपल्या इकडील धान बहुतेक सारें इंडिका जातीचें होय.

तेव्हां थंडी जाऊं द्यावी व मग पऱ्हे टाकावे, हा सरळ मार्ग कोणासही सुचेल. पण येथेंच खरा पेंच आहे. पऱ्हे टाकल्यापासून शंभर दिवसांच्या आसपास उन्हाळी धान फुलावर येतें. नाताळाच्या सुमारास टाकलेलें एप्रिलच्या आरंभीं फुलेल. संक्रांतीनंतर टाकलेलें एप्रिलच्या उत्तरार्धांत. फुलण्याच्या वेळीं हवा पस्तीस अंशांच्या वर गेली तर परागकण निकामी होऊन लोंबींत पळींज वाढतें. आणि आपल्या जिल्ह्यांत एप्रिलच्या उत्तरार्धांत पस्तीस अंश सकाळींच ओलांडले जातात. शिवाय माजी मालगुजारी तलावांचें पाणी तोंवर तळास गेलेलें असतें. एका बाजूस पौषाचा गारठा, दुसऱ्या बाजूस चैत्राचें ऊन, आणि मधें पाण्याची ओढ, अशा तिहेरी कात्रींत उन्हाळी धान सांपडलेलें आहे. म्हणून पेरणी फार पुढें ढकलणें हा उपाय नव्हे; पऱ्ह्यांस थंडींतून सुखरूप बाहेर काढणें हाच उपाय होय.

शेतकऱ्यानें काय करावें

पहिली गोष्ट जागेची. पऱ्ह्यांचा वाफा सखल बांधींत न करितां, विहिरीजवळ, उत्तरेकडून आडोसा असलेल्या पण सकाळचें ऊन लौकर येणाऱ्या जागीं करावा. दुसरी बियाण्याची: बीं भिजवून, गोणपाटांत बांधून, तणसाखालीं उबेंत ठेवून त्यास मोड आणावे, व मोड आलेलेंच बीं वाफ्यांत टाकावें, रुजण्याचा सर्वांत नाजूक काळ त्यामुळें घराच्या उबेंत पार पडतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें, म्हणून संध्याकाळीं वाफ्यांत दोन-तीन बोटें पाणी भरावें व सकाळीं ऊन वर आल्यावर तें गार पाणी काढून टाकावें, म्हणजे माती उन्हानें तापेल. शक्य तर हें पाणी विहिरीचें असावें. विहिरीचें ताजें पाणी हिवाळ्यांत कोमट असतें, तलावाच्या उघड्या पाण्याचें तसें नाहीं. हरभरा, तूर, भाजीपाला यांस हिंवाचा संभव दिसतांच दुपारनंतर हलकें ओलीत द्यावें. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक सांठविते. आणि पाणी गोठूं लागलेंच तर प्रत्येक ग्रॅममागें ऐंशी उष्मांक बाहेर टाकून शेजारच्या पानास आधार देतें.

चवथी गोष्ट पांघरुणाची. बांबूच्या कमानींवर पातळ प्लास्टिकचा कागद किंवा जुनीं लुगडीं-गोणपाट संध्याकाळीं पसरावीं. जमिनींतून निघणारी ऊब त्यामुळें अडते. सकाळीं पांघरूण काढण्यास विसरूं नये, नाहीं तर प्लास्टिकखालीं पऱ्हे उकडून निघतील. वाफ्यावर चुलींतील राख किंवा चांगलें कुजलेलें शेणखत पसरण्याची जुनी चाल चांगली आहे. काळसर थर ऊन शोषून घेतो व राखेंतून पालाशही मिळतो. पिवळेपणा पाहून घाईनें युरिया फेकणें मात्र चुकीचें. थिजलेल्या मुळांस तो घेतां येत नाहीं, आणि घेतला तरी नत्रानें पोसलेलें कोंवळें पान थंडीस आणखी नाजूक होतें. दोन-चार दिवस ऊब परत येऊं द्यावी. मधला कोंब हिरवा असेल तर पऱ्हे सावरतात.

धुरासंबंधीं दोन शब्द. शेताच्या कडेस काडीकचरा पेटवून धूर करण्याची रीत सर्वत्र सांगितली जाते. नुसता धूर जमिनीची ऊब फारशी अडवीत नाहीं. जो गुण येतो तो बहुतांशीं जाळाच्या ऊबेचा व हवा हालल्याचा असतो. ज्यांचीं शेतें जंगलास लागून आहेत त्यांनीं तर हा खेळ करूंच नये. पानगळीच्या दिवसांत एक ठिणगी शंभर एकर जंगल खाते. त्याचप्रमाणें "थंडीवरील औषध" म्हणून बाटल्या घेऊन फिरणारांपासूनही सावध असावें. पटलाची तयारी आठवड्यांनीं होते, बाटलीनें एका रात्रींत होत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे.

शेवटची गोष्ट निवडीची. आपल्या नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं आपल्या धानांत तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या जपून ठेविल्या, वर्षानुवर्षें निवडीत नेल्या, व त्यांतून एच.एम.टी. हा सर्वमान्य वाण उदयास आला. २०१८ सालीं ते निवर्तले. परंतु त्यांची दृष्टि आपल्यांतून जाऊं देतां कामा नये. ज्या पौषांत सारा वाफा पिवळा पडतो त्या पौषांतही दहा-वीस पऱ्हे हिरवे राहिलेले दिसतात. त्यांतील कांहीं केवळ उबेच्या जागेमुळें वांचलेले असतील. कांहींच्या पटलांत मात्र खरोखरीच अधिक गुण असेल. असे पऱ्हे खूण करून निराळे रोवावे, त्यांचें बीं निराळें ठेवावें, व पुढील हिवाळ्यांत तें पुन्हां त्याच कसोटीस लावावें. दोन-तीन हिवाळे जें टिकेल तें सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रास दाखवावें.

मोठमोठ्या प्रयोगशाळांत यंत्रांनीं जें पाहिलें जातें तेंच पौषांतल्या पहांटे बांधीच्या धुऱ्यावर उभें राहून शेतकऱ्यास डोळ्यांनीं पाहतां येतें. यंदा कडाक्याची रात्र येईल त्या सकाळीं आमच्या वाचकांनीं पिवळ्या पऱ्ह्यांकडे पाहून नुसता सुस्कारा टाकूं नये. हिरवे किती राहिले व कोठें राहिले, हें मोजून वहींत टिपून ठेवावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.